फणसाच्या लाकडाचा स्नेअर

"आवाजाचा त्रास झाला तर मला फोन करा," त्रिशलाताई म्हणाल्या, "पण आवाज आला नाही, तर आधी बेल वाजवा आणि मग फोन करा."

आम्ही त्या दिवशी सांगलीतल्या त्या घरात राहायला आलो होतो. तिसरा मजला, समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी दोन दारं. प्रसन्न, माझा नवरा, टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत खाली उभा होता आणि अडीच महिन्यांची जुई माझ्या खांद्यावर झोपली होती. त्रिशलाताई शेजारच्या मगदूमकाकांची मुलगी. निपाणीला दिलेली. वडिलांना भेटून परत निघाल्या होत्या, हातात पिशवी, पायात चपला.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"ड्रमचा. बाबा ऑर्केस्ट्रात ड्रमर होते. तीस वर्षं. अजून रोज अकराला बसतात." त्यांनी पर्समधून किल्ली काढली. "ही त्यांच्या दाराची. तुमच्याकडे असू दे."

"नको हो, सध्या माझं डोकं ठिकाणावर नसतं. हरवायची माझ्या हातून."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि किल्ली परत पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी मी प्रसन्नला म्हटलं, "बघ, आपण भाड्याने घर घेतलं आणि सोबत एक म्हातारे राखायला दिलेत." तो हसला. मीही हसले. दोन दिवसांनी तो त्याच्या पवनचक्क्यांच्या साइटवर धुळ्याकडे निघून गेला. पंधरा दिवसांतून एकदा यायचा.

तेव्हा मी कशी होते, हे सांगायला हवं. आई चाळीस दिवस राहून अकोल्याला परत गेली होती. सांगलीत माझं ओळखीचं कुणी नव्हतं. मी एम.एस्सी. झालेली बाई, पण जुईचा श्वास चालू आहे ना, हे बघायला तिच्या नाकाशी बोट धरायचे. एका वहीत सगळं लिहायचे. किती वाजता प्यायली, किती वेळ झोपली, कशी उठली. कुणी दारात आलं की आधी त्याचे हात स्वच्छ आहेत ना ते बघायचे. दूधवाल्याचा "ताई, दूध" हा कधी कधी दिवसभरात माझ्याशी बोललेला एकमेव शब्द असायचा.

आणि रोज अकराला भिंतीपलीकडे पूर्ण ड्रमसेट सुरू व्हायचा. धडाम, ढिश्, त्र्र्र्र. जुई दचकून उठायची, हातपाय झटकायची, निळी पडेपर्यंत रडायची. तीन आठवडे मी सहन केलं. मग एक दिवस ती तशीच रडत असताना तिला खांद्यावर टाकून मी शेजारची बेल वाजवली.

दार उघडलं ते उंच, वाळलेल्या अंगाच्या, पांढरा सदरा घातलेल्या गृहस्थांनी. हातात अजून काठ्या.

"काका, बाळ झोपत नाही हो."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "या की आत. मॅडम, या." मी उंबऱ्याबाहेरच थांबले. दारातूनच दिसत होतं. बैठकीच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही. आमच्या भिंतीला लागून ड्रमसेट. एक मोठा बेस ड्रम, तीन छोटे ड्रम, दोन झांजा, आणि मधोमध एक पसरट ड्रम, ज्याला स्नेअर म्हणतात.

जुईने त्याच वेळी मोठ्ठा टाहो फोडला. आणि कुणीही हात न लावता स्नेअर वाजला. झर्र्र्र.

जुई रडता रडता थांबली.

काकांनी चटकन जाऊन स्नेअरच्या बाजूचा एक खटका खाली पाडला. "माफ करा. वाजवतानाच उठलो ना, राहिला." मग माझा चेहरा बघून त्यांनी स्नेअर उलटा करून दाखवला. "ह्याच्या खालच्या पडद्याला ह्या बारीक तारा लावलेल्या असतात. त्यामुळंच तो झरझरतो. खटका वर केला की तारा पडद्याला चिकटतात. मग कुणी जवळपास नुसतं ओरडलं, कुकरची शिट्टी झाली, तरी हे गाणार. खटका पाडला की तारा सुटल्या, हे मुकं."

"म्हणजे नेहमी पाडायचा?"

"वाजवून झालं की पहिलं काम ते. पाणी प्यायच्या आधी! स्टेजवर निवेदक गंभीर काहीतरी सांगतोय आणि मागं झर्र झालं, की हजार माणसात ड्रमरची लाज जाते. तीस वर्षांत एकदाही झालं नाही माझं. शहाण्या ड्रमरचा स्नेअर तो नसताना बोलत नाही." ते जुईकडे वाकले, मी नकळत मागे सरले. ते तिथेच थांबले. "पोरगी सुरात रडते मात्र."

मी हसले नाही. "काका, वेळ बदलता येईल का? किंवा कमी?"

"बघतो की," ते म्हणाले.

चार दिवसांनी त्यांनी बेल वाजवली आणि दारापासून दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. माझं मागे सरणं त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"मॅडम, सेट देऊन टाकतोय. जयसिंगपूरची एक बँजो पार्टी आहे, त्यांची माणसं उद्या न्यायला येतील. मी एक स्नेअर तेवढा ठेवतो. तोही ब्रशनं वाजवीन. तारांचे झाडूसारखे ब्रश असतात, आवाज मऊ येतो."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. "अहो, सगळा सेट कशाला?"

"आता कुणासाठी वाजवायचा? स्नेअर राहिला म्हणजे हात राहतो." त्यांनी बोटं मिटली, उघडली. "पण माझ्याकडे स्नेअर तीन. कुठला ठेवायचा ते तुमच्या बाळानं ठरवायचं. मी एकेक वाजवतो. तुम्ही तुमच्या घरात, पाळण्यापाशी उभ्या राहा. चालणार असेल तर भिंतीवर एक थाप. नसेल तर दोन."

दुपारी आम्ही तो उद्योग केला. जुई पाळण्यात जागी, मी भिंतीशी. आधी पोलादी वाजला. चर्र, कोरडा, काचेवर खडे पडावेत तसा. जुईने भुवया चढवल्या. मी दोन थापा दिल्या.

मग दुसरा. हा लाकडी होता. खोल, उबदार, कुणीतरी शेजारच्या खोलीत तांदूळ पाखडतंय असं वाटावं. जुईने मूठ तोंडात घातली आणि चोखत राहिली. मी एक थाप दिली.

मला वाटलं संपलं. पण पलीकडे जरा शांतता झाली आणि तिसरा सुरू झाला. हा वेगळाच होता. मोठा, स्वच्छ, खणखणीत. ब्रशनेही तो भिंतीतून सरळ आत येत होता. आधीचे दोन त्यांनी मिनिटभर वाजवले असतील; हा संपेचना. आत कुठेतरी हळू, कुठेतरी भरभर, मध्ये एक गिरकी, परत हळू. जुई रडली नाही. डोळे मोठे करून भिंतीकडे बघत राहिली.

मी विचार केला, हिच्या झोपेच्या वेळी हा वाजला तर? आणि दोन थापा दिल्या.

पलीकडचं वाजणं तिथल्या तिथे थांबलं. मग खटक्याचा टक् असा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरची माणसं सामान उतरवत होती, तेव्हा मी दारात होते. सगळ्यात शेवटी काका स्वतः एक स्नेअर घेऊन खाली निघाले. पितळी होता, सोन्यासारखा चकचकीत.

"हाच का तिसरा?"

"हाच. आमची मंडळी देवाच्या भांड्यांबरोबर घासायची याला. चिंच लावून. तिच्या मागं मी घासत होतो." ते हसले. "फणसाच्या लाकडाचा ठेवलाय. मिरजेच्या एका ढोलकीवाल्यानं करून दिलेला. बाळाची निवड चांगली आहे."

बाळाची. मला बोलायचं होतं, पण जुई आत कुरकुरली आणि मी वळले. ते जिन्यातून म्हणाले, "पोरी, कधी येत जा. कामाशिवाय यायला अवघड वाटत असेल तर विरजण मागायला ये. माझं दही चांगलं लागतं."

त्या दिवसापासून मॅडमची पोरी झाले. पण विरजण मागायला काही गेले नाही. रोज ठरवायचे, उद्या जाऊ. उद्या जुईला सर्दी असायची, किंवा मला रडू येत असायचं. काका जैन, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे. त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा सहालाच बंद व्हायचा, तेव्हा मला वाटायचं, चला, संपला यांचा दिवस. मग माझी रात्र सुरू व्हायची.

अकरा ते साडेअकरा मात्र लाकडी स्नेअर वाजायचा. हळूहळू मी त्या वेळेला चहा प्यायला लागले. साडेअकराला टक् व्हायचं, खटका पडायचा, आणि घर परत रिकामं व्हायचं.

असेच दोन महिने गेले. मग तो गुरुवार आला.

वहीत अजून आहे. "११.०० – काका सुरू. ११.१० – बंद! लवकर. जुई जागीच." त्या "बंद" पुढे मी उद्गारचिन्ह काढलंय. मला आनंद झाला होता. त्या दिवशी तिला लवकर झोपवता आलं असतं.

पण ती झोपली नाही. लस दिलेली होती, मांडी सुजली होती. साडेबाराच्या सुमाराला तिने जो सूर लावला तो लावला. मी तिला घेऊन येरझाऱ्या घालत होते. भिंतीपाशी आले आणि तिच्या रडण्याच्या टोकाला पलीकडून आलं, झर्र्र्र.

जुई थबकली. भिंतीकडे बघितलं. परत एक हुंदका, मुद्दाम दिल्यासारखा. झर्र.

"अगं बाई," मी म्हटलं, "भिंत बोलते की तुझ्याशी!"

ती हसली. तिचं पहिलं मोठ्यानं हसणं. लोकांच्या घरी अशा वेळी चार माणसं टाळ्या वाजवतात. आमच्याकडे मी होते आणि भिंत होती. मी भिंतीला तोंड लावून ओरडले, "ओ!" झर्र. जुई खिदळली. "जुईबाई कुठायत?" झर्र्र. मग मी गायला लागले. येईल ते, जुळेल तसं. "जुई जुई, भिंतीशेजारी कोण गं, भिंतीशेजारी काका गं, काका, ओ द्या, ओ द्या गं." प्रत्येक ओळीला भिंत ओ देत होती. कितीतरी दिवसांनी मी कुणाला तरी हाक मारत होते आणि कुणीतरी उत्तर देत होतं. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी सुखात होते. दुपार गेली, जुई झोपली, उठली, आम्ही परत भिंतीपाशी गेलो. वहीत लिहिलंय, "आज जुई खूप हसली. मीही."

साडेपाचला प्रसन्नचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन भिंतीशी धरला. "ऐक, ऐक गंमत." जुईला गुदगुल्या केल्या. ती किंचाळली. झर्र्र.

"काय गं हे?"

"काकांचा स्नेअर! हिला ओ देतो. खाली तारा असतात त्याच्या, कुणी ओरडलं की आपोआप वाजतात."

"मग रोज का नाही वाजत?"

"अरे, रोज कसा वाजेल? वाजवून झालं की काका खटका पाडतात ना. पाणी प्यायच्या आधी. तीस वर्षांत एकदाही..."

मी भिंतीकडे बघितलं.

"हॅलो? काय झालं? मग आज पाडला नाही का?"

मी फोन पाळण्यात टाकला. जुईला कडेवर घेतलं. शेजारची बेल दाबली, दाबूनच धरली. दार आतून बंद. "काका! काका!" आतून, माझ्या ओरडण्याला, स्नेअरने उत्तर दिलं. मी दारावर लाथा मारायला लागले. आवाजाने खालच्या मजल्यावरचे कुंभोजे मास्तर बनियनवरच वर आले.

"किल्ली नाही का तुमच्याकडं?"

नाही म्हणून मान हलवताना मला त्रिशलाताईंची पर्स दिसत होती.

मास्तरांनी कुलूपवाला आणला. अर्धा तास गेला. दार उघडलं तेव्हा काका स्टुलाच्या शेजारी उजव्या कुशीवर पडले होते, आमच्या भिंतीकडे तोंड करून. एक ब्रश हातात, एक लांब घरंगळलेला. ओठ एका बाजूला ओढलेले. डोळे उघडे. ते डोळे माझ्याकडे वळले, मग जुईकडे.

स्नेअरचा खटका वर होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधी झालं हे?" मी वही आणली होती, कशी कुणास ठाऊक, पिशवीत आली होती. "अकरा वाजून दहा मिनिटांनी," मी म्हटलं. त्यांनी घड्याळ बघितलं, साडेसहा वाजून गेले होते. "तीन-चार तासांत आणलं असतं तर..." म्हणाले. मिनिटाचा हिशोब माझ्याकडे होता. तो कुणाच्या काही उपयोगाचा नव्हता.

काका वाचले. उजवं अंग गेलं. बोलणं तुटक झालं. त्रिशलाताई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, ते जास्त कठीण होतं. आठव्या दिवशी मी जुईला कुंभोजेवहिनींजवळ ठेवून दवाखान्यात गेले. जुईला दुसऱ्या कुणाकडे ठेवण्याची ती माझी पहिली वेळ.

काकांनी डाव्या हाताने जवळ बोलावलं. मी कान लावला.

"तू... गात होतीस."

मी कॉटच्या कडेला टेकले.

"सगळं ऐकत होतो," ते म्हणाले. एकेक शब्द उचलून ठेवत होते. "चाल... भंगार होती. ठेका... बरोबर."

"काका, मला वाटलं... मला कळलंच नाही हो. मी हसत होते तिकडे."

"मला... हाक मारता येईना. म्हटलं, स्नेअर मारतोय. खटका वर आहे. पोरीला... शिकवलंय. कळेल." त्यांनी दम घेतला. "प्रत्येक वेळेला... वाटायचं, आता बेल वाजेल."

मी त्यांचा हात धरला. आधी हात धुवायचा विचारही आला नाही.

"कळलं की तुला," ते म्हणाले. "कळलं. रडू नको. सुरात... रडत नाहीस तू. पोरगी बरी तुझ्यापेक्षा."

पुढच्या महिन्यात त्रिशलाताई त्यांना निपाणीला घेऊन गेल्या. जाताना कुंभोजे मास्तर खुर्ची धरून होते, मी पिशव्या. जिन्याच्या वळणावर काकांनी डाव्या हाताने वर बोट दाखवलं. "लाकडी... बाळाला." मग मी एकटी जयसिंगपूरला गेले, बँजो पार्टीवाल्यांना शोधून काढलं, पितळी स्नेअर परत द्या म्हणून विनवलं. त्यांनी दिला. निपाणीला काकांच्या कॉटशेजारी नेऊन ठेवला. मी चिंच लावून घासलाही, आयुष्यात पहिल्यांदाच पितळ घासत होते. काकांनी डाव्या हातात ब्रश घेतला आणि एक फटका मारला. खणखणीत. सगळं घर वळून बघायला लागलं.

मी तिथे बसून एकच विचार करत होते. हा भिंतीपलीकडे असता, तर मास्तरांना खालीसुद्धा ऐकू गेला असता. मी दोन थापा दिल्या होत्या.

काका आणखी तीन वर्षं होते. डाव्या हाताने रोज अकराला वाजवायचे. त्रिशलाताई सांगायच्या, खटका मात्र कुणाला पाडू देत नसत.

आता आम्ही पुण्यात राहतो. जुई आठ वर्षांची आहे. फणसाचा स्नेअर आमच्या बैठकीत आहे आणि त्याचा खटका वर असतो. कुणाचा कुकर होतो, कुणाचं मूल रडतं, दार आपटतं, तो झरझरतो. पाहुणे म्हणतात, केवढा कटकट्या आवाज, बंद करता येत नाही का? येतो, मी म्हणते. करत नाही.

आमच्या शेजारी नेने आजी एकट्या असतात. त्यांचा रेडिओ सकाळी सातला लागतो आणि भिंतीतून येतो. परवा सव्वासात झाले, रेडिओ नाही. मी वाटी घेऊन गेले. आजी धडधाकट होत्या, रेडिओचे नुसते सेल संपले होते. मला आत बसवलं, पाऊण तास सोडलं नाही.

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणीतरी असेल. त्यांच्या टीव्हीचा, खोकल्याचा, खलबत्त्याचा आवाज तुम्हाला कधीतरी नकोसा झाला असेल. तो शेवटचा कधी ऐकलात, आठवा. आठवत नसेल तर हे पान इथेच ठेवा आणि जाऊन बेल वाजवा. काय सांगू म्हणून अवघडू नका. वाटी घेऊन जा, विरजण मागा.